चूक दाखवली त्यानं बसायचं

फोन आला तेव्हा मी पोरांवर ओरडत होते. आमच्या अकोल्याच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती, मागच्या ओळीतली चार-पाच टाळकी गाणं सोडून एकमेकांना चिमटे काढत होती आणि माझा पारा चढला होता. फोन तसाच कानाला लावला. पलीकडे वंदना होती, अमरावतीच्या कुमुदताईंची भाची. "काकू, आत्या गेली. सकाळी चहा घेतला, अन् खुर्चीवर बसल्या बसल्याच..." मी "बरं" म्हणाले. बरं काय बरं? पोरगी माणूस गेल्याची बातमी सांगते आणि मी म्हणते बरं! पोरं माझ्याकडे पाहत राहिली. मला रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू, पहिला विचार दुःखाचा नव्हताच. पहिला विचार आला तो असा, की ताईंजवळ बसायचं माझं राहून गेलं. आता ते कधीच होणार नाही.

हे 'बसायचं' म्हणजे काय, ते नीट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कुमुदताई अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या. तिथून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. पण आमच्यासाठी त्या मास्तरांच्या मास्तरीण होत्या. बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगते. शाळेत संगीत शिक्षक म्हणून जो लागतो तो गाण्याच्या परीक्षा देऊन येतो. त्याला रागदारी येते, ताना येतात, ठेके येतात. साठ पोरं एका वेळी एका सुरात कशी गातील, हे मात्र त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आणि शाळेला तर नेमकं तेवढंच पाहिजे असतं! रोजची प्रार्थना, पाहुण्यांचं स्वागतगीत, समूहगानाची स्पर्धा. प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. त्यात भाषणं ऐकायची, चहा-बिस्कीट खायचं, हजेरीपटावर सही करायची आणि गेलो तसे कोरडे ठणठणीत घरी यायचं. वर्गाचं दार लागलं की मास्तर एकटा. त्याचं काय चुकतं हे पोरांना कळत नाही, मुख्याध्यापकांना कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते बोलत नाहीत, कारण वाईटपणा कोण घेणार!

ताईंनी यावर त्यांच्या परीनं तोड काढली होती. महिन्यातला एक रविवार, एकदा अमरावतीला, एकदा अकोल्याला, कुठल्या तरी शाळेचा हॉल मागून घ्यायचा आणि दोन्ही जिल्ह्यांतले गाणं शिकवणारे मास्तर-मास्तरणी गोळा करायच्या. तेल्हाऱ्याहून, अंजनगावहून लोक डबे बांधून एसटीनं यायचे. एकानं पुढे उभं राहून गाणं बसवायचं, बाकीच्यांनी पोरं व्हायचं. नुसतं म्हणायला नाही हं, अगदी खरीखुरी पोरं. पन्नाशीतली माणसं मागच्या ओळीत बसून खोड्या काढायची, मुद्दाम बेसूर व्हायची, "मॅडम, यानं मले ढकललं" म्हणून ओरडायची. गाणं झालं की पुढे उभं असलेल्यानं स्वतः होऊन विचारायचं, "सांगा, काय चुकलं?" आणि ज्याला जे खटकलं असेल ते त्यानं तिथंच तोंडावर सांगायचं. मागून गाडीत नाही, चहाच्या टपरीवर नाही. हा झाला अर्धा नियम. उरलेला अर्धा असा की, चूक दाखवली त्यानं बसायचं. म्हणजे सगळे उठून गेले तरी त्या माणसाजवळ थांबायचं आणि ती चूक निघेपर्यंत त्याच्यासोबत राबायचं. आज निघाली नाही तर पुढच्या रविवारी. तेव्हाही नाही निघाली तर त्याच्या गावी जाऊन. "बसाले वेळ नसन त्यानं तोंडच उघडू नये," ताई म्हणायच्या. "वाट चुकलेल्या माणसाले 'चुकला' म्हणायचं अन् आपण आपल्या घरी निंघून जायचं, हे काय बोलणं झालं?" पुण्याकडच्या वाचकांना ताईंचं बोलणं जरा उद्धट वाटेल. वाटू द्या. आमच्याकडे माया अशीच बोलतात.

माझी पहिली पाळी आली ती अमरावतीला. मी नुकतीच नोकरीला लागले होते. गाण्यात पहिला वर्ग, गळा बरा, आणि गुर्मी तर विचारूच नका. एक साधं स्वागतगीत मी अशा थाटात घेतलं, की माझा आवाज हॉलच्या बाहेर रस्त्यावर गेला असेल. "सांगा, काय चुकलं?" हेही असं विचारलं, की चुकलं म्हणायची कोणाची बिशाद आहे. मागच्या ओळीत ताई पोरीसारखी मांडी घालून बसल्या होत्या. त्या उठल्या. "शोभे, तू लय सुंदर गायली. पण गाणं पोरायनं म्हणायचं होतं न व? तू इतक्या जोरानं गाऊन राहिली का तुले दुसऱ्या कोणाचं काहीच ऐकू नाही आलं. मी तर गाईलीच नाही. नुसतं तोंड हलवलं. समजलं तुले?" सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पर्स उचलली आणि सरळ दाराकडे निघाले. ताईंनी मागून येऊन मनगट धरलं. "कुठी चालली? आता मले बसा लागते ना तुयाजवळ!"

त्यांनी तांब्याभर पाणी मागवलं, चार-पाच जणांना थांबवून घेतलं आणि मला म्हणाल्या, "एक घोट तोंडात घे. गिळायचा नाही, थुकायचा नाही. आता घे गाणं." म्हणजे गाणं फक्त हातानं चालवायचं, तोंड बंद. दुसऱ्या ओळीलाच मी सवयीनं तोंड उघडलं आणि सगळं पाणी तेल्हाऱ्याच्या तायडे सरांच्या इस्त्रीच्या शर्टावर! सर बिचारे म्हणाले, "मॅडम, आंघोळ करून आलतो मी सकायीच." हसून हसून पोट दुखायला लागलं आणि माझा राग कुठे पळाला कळलंही नाही. पुन्हा घोट, पुन्हा गाणं. असं किती तरी वेळा झालं, आणि मग हळूहळू मला ऐकू यायला लागलं. उजवीकडच्या बाई अंतऱ्यात दर वेळी एकाच ठिकाणी श्वास तोडत होत्या. तायडे सर शेवटचा सूर खाली ओढत होते. हे सगळं आधीही होतच होतं, माझ्या आवाजाखाली दबून गेलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंडात पाणी धरून शिकवलं. पोरं एकमेकांना सांगायची, मॅडमची दाढ दुखते.

तायडे सरांची स्वतःची चूक वेगळीच होती. त्यांचा आवाज खर्जातला, भारदस्त. पेटीवर पट्टी धरायची ती ते आपल्या गळ्याला सोयीची धरायचे. मग चौथी-पाचवीतल्या पोरांचा आवाज तळाला जाऊन नुसता घरघरायचा आणि वर जोर लावला की गळ्याच्या शिरा ताठ. ही आमच्याच जातकुळीची चूक. गाणार पोरं, आणि माप घ्यायचं आपल्या गळ्याचं. ताईंनी ते चारचौघात सांगितलं, सरांनी कान पकडले, आणि गावी जाऊन पुन्हा आपल्याच पट्टीत सुरू. जित्याची खोड, दुसरं काय! मग ताई शनिवारच्या सकाळच्या शाळेला तेल्हाऱ्याला जायला लागल्या. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून तेल्हारा, आणि पुन्हा तसंच उलटं. परतताना दुपारी माझ्याकडे जेवायला थांबायच्या. भाकरी, ठेचा, आंबट वरण. एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, काहून एवढी दगदग करता? तेल्हाऱ्याच्या पोरांनी खालच्या पट्टीत गायलं तर काय आभाळ कोसळते?" ताई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मी त्याले पंचवीस माणसात बोलली न शोभे. आता त्याच्या पोरायचा आवाज मोकळा होईस्तोवर मले कुठची सुट्टी?" आणि वर मलाच म्हणतात, "तू लग्न केलं म्हणून तुले दगदग दिसते. मले तर घरी वाट पाहाले कोणी नाही. पोरायचा इतका गलका ऐकल्यावर नवऱ्याचं कोण ऐकन व माय?" तायडे सरांची पोरं पुढे मोकळ्या गळ्यानं गायला लागली. सर आजही पेटी उघडली की आधी पोराला विचारतात, "बेटा, तुले कोणता सूर पुरते?"

पुढे मीही कितीतरी माणसं बसून दुरुस्त केली... 'दुरुस्त केली' हा शब्द ताईंना चालला नसता. त्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसले, असं म्हणते. वर्षं गेली. ताईंचे केस पांढरे झाले, माझेही व्हायला लागले, आणि ताई मला लोकांसमोर "माही उजवी बाजू" म्हणायला लागल्या. मला त्याचा केवढा तोरा होता, आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

मग ताईंचा कान जायला लागला. एकदम नाही, हळूहळू. आधी फोनवर "काय? काय?" वाढलं. मग हॉलमध्ये त्या पुढच्या ओळीत बसायला लागल्या. मग एका रविवारी त्यांनी गाणं मधेच थांबवलं आणि म्हणाल्या, "मागची ओळ उतरून राहिली. वर घ्या." मागची ओळ उतरली नव्हती. मी स्वतः मागच्या ओळीत होते. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सूर वर घेतला. म्हणजे बरोबर होता तो मुद्दाम चुकीचा केला, ताईंचं मन राखायला. ताईंना ते बरोबर वाटलं, त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आम्ही तोंडावर बोलणारी माणसं, आणि ताईंसमोर सगळ्यांची दातखीळ बसली. गाडीत बसल्यावर मात्र सगळे बोलायचे. तायडे सर म्हणायचे, "आपल्या मायचं म्हातारपण आपण चारचौघात काढायचं का?" मीही होकार भरायची. ज्या गोष्टीवर ताईंनी उभा जन्म घालवला ती आम्ही त्यांच्याच पाठीमागे मोडून खात होतो.

असंच चाललं असतं. पण अंजनगावची प्रतीक्षा आली. पंचविशीची मुलगी, नवीन लागलेली, गोड आणि पक्क्या सुराची. ती पुढे उभी राहिली की ताई तिला म्हणायच्या, "पोरी, तुया सूर लागून नाही राहिला." एकदा झालं, दोनदा झालं, दर पाळीला व्हायला लागलं. ती बिचारी नवखी, तिला काय माहीत ताईंचा कान गेला ते? तिला वाटलं आपलाच सूर कच्चा. ताई नियमाप्रमाणे तिच्याजवळ बसायच्या, तास तास तिच्याकडून घोटून घ्यायच्या, आणि दर वेळी पोरगी आणखी बिघडून उठायची. एका संध्याकाळी बसस्टँडवर ती मला म्हणाली, "मॅडम, माह्यात सूरच नाही वाटते. मी शिकवणं सोडतो. पोरायचं नुकसान काहून करू?" मी तिला तिथंच सांगायला हवं होतं, की बाई, तुझं काही चुकत नाही. पण ते म्हणजे ताईंच्या पाठीमागे बोलणं झालं असतं. मी रात्रभर तळमळले आणि ठरवलं, की जे बोलायचं ते ताईंच्या तोंडावर, आणि हॉलमध्येच.

पुढचा रविवार अमरावतीचा होता. ताई स्वतः पुढे उभ्या राहिल्या. वय झालं तरी त्यांनी आपली पाळी कधी चुकवली नाही. गाणं घेतलं, दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा चुकीच्या जागी. मग नेहमीसारखं हसून विचारलं, "सांगा, काय चुकलं?" हॉलमध्ये सगळे पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. मी उठले. घाबरले की माझा आवाज चढतो, ही माझी खोड. "ताई, मागची ओळ सुरात होती. प्रतीक्षाही सुरात असते. तुमाले ऐकू येऊन नाही राहिलं."

ताईंनी हात कानामागे नेला. "काय म्हणतं?"

तेच वाक्य मला पुन्हा म्हणावं लागलं. आणखी मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

त्या म्हणाल्या, "किती दिवसापासून?"

"बरेच दिवस झाले, ताई."

"सगळ्यायले माहीत हाय?" कोणी मान वर केली नाही. ताईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि प्रतीक्षाजवळ गेल्या. "पोरी, तुया सूर पक्का हाय. मी चुकली. मले माफ करजो." प्रतीक्षा हमसून रडायला लागली. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "शाबास शोभे. बोलली तं खरी." त्यात टोमणा होता का? तेव्हा मला वाटलं होता. आज वाटतं नव्हता.

लोक उठले, डबे-पिशव्या आवरायला लागले. ताई भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती. ती त्यांनी उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवरून हात फिरवून धूळ झटकली. माझ्याकडे पाहिलं नाही, बोलल्याही नाहीत. ती खुर्ची कोणासाठी होती हे मला ठाऊक होतं. हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी जवळ गेले, वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "ताई, मी निघते. गाडीची वेळ झाली." अमरावतीहून अकोल्याला जायला गाड्यांची काय कमी आहे? एक गेली की दुसरी लागलेलीच असते. ताईंना हे माझ्याहून जास्त माहीत होतं, त्यांचं अर्धं आयुष्य त्याच रस्त्यावर गेलेलं. "जाय, सांभाळून जाय," त्या म्हणाल्या. मी गेले. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

गाडीत मी स्वतःला समजावलं. निघणारी चूक असती तर बसले असते. पट्टीची चूक निघते, श्वासाची निघते, म्हातारपणाची कशी निघणार? तिथं बसून मी काय करणार होते, त्यांचं तोंड पाहत राहणार होते? असं म्हणत म्हणत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. घरी पोचेपर्यंत मला ते पटलंही होतं. पटवून घ्यायचं म्हटलं की माणसाला काहीही पटतं.

ताई पुन्हा रविवारी आल्या नाहीत. लोक माझं कौतुक करायला लागले. मॅडम, तुमी केलं म्हणून झालं, आमची तर हिंमत नव्हती. प्रतीक्षाची पोरं स्पर्धेत पहिली आली, तिनं पेढे आणले आणि माझ्या पाया पडली. तो पेढा मी न खाता तसाच पर्समध्ये ठेवला. मी दर आठवड्याला ठरवायची, या रविवारी जाऊन येते. मग पेपर तपासायचे असायचे, मग नवऱ्याचं बीपी, मग संमेलन. फोन करावा म्हटलं तर स्वतःशीच म्हणायची, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोनवर काय सांगणार? बघा, सबब शोधताना माणूस किती हुशार होतो! खरं एवढंच होतं, की त्या रिकाम्या खुर्चीसमोर जायची मला लाज वाटत होती. आणि एक एक आठवडा गेला तशी ती लाज वाढत गेली, कमी झाली नाही. खरं बोलायची मला फार हौस. पुढचं निस्तरायला मात्र मी घरी नव्हते.

तेराव्यानंतर एका रविवारी मी अमरावतीला गेले. बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत. वंदनानं चहा केला. ती ताईंच्या भावाची मुलगी, बँकेत आहे, शेवटची काही वर्षं ताईंजवळच राहायची. ताईंच्या खोलीत पेटी तशीच उघडी होती, गादीवर धुतलेली चादर. मी इकडचं तिकडचं बोलत होते. शेवटी विचारलंच, "ताई माझ्यावर रागावल्या होत्या का गं?"

"राग?" वंदनाला नवल वाटलं. "नाही व काकू. आत्या तं तुमची वाटच पाहे. दर रविवारी सकाळी न्हाऊन-धुऊन बसे. मले म्हणे, शोभा येईन आज. तिनं चूक दाखवली, तिले या लागते."

"मग मला फोन काहून नाही केला?" माझा आवाज चढला होता. त्या पोरीवर चढायचं काय कारण होतं?

"मी लय डाव म्हटलं, करतो म्हणून. तं आत्या म्हणे, बोलावून आणलं तं मंग ते बसणं कायचं? आपून होऊन या लागते."

मग ती आतून एक डबी घेऊन आली. छोटी, चष्म्याच्या डबीएवढी. आत कानाचं मशीन. त्या रविवारनंतर आठवड्याभरात ताईंनी ते करून घेतलं होतं, कानाचं माप देऊन. मी अकोल्यात बसून म्हातारपणाची चूक कशी निघणार म्हणत होते, तेव्हा ताई इथं ती काढायला लागल्या होत्या! बोलणं त्यातून बरं ऐकू यायचं, वंदना म्हणाली, पण पेटी पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी यायची. सूर कुठला कुठं जायचा. "मशीनवाल्यानं सांगतलं होतं का हे जुळवता येते. फक्त गाणं समजते असा माणूस सोबत आणा, तो सांगन तसं मी कमी-जास्त करून देतो. आत्या रोज पेटीवर सूर धरे, गाये अन् मले विचारे, लागला का? आता मले गाण्यातलं काय समजते काकू? मी म्हणो, हो आत्या, एकदम बरोबर. तं हसे अन् म्हणे, तू मन राखून राहिली. शोभाले येऊ दे, ते खरं सांगन."

मी डबी हातात घेतली आणि तिथंच पेटीजवळ बसले. खूप वेळ रडले, त्याचं वर्णन करत नाही. वंदना पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. निघणारी चूक होती ती. एक माणूस शेजारी बसला असता, मशीनवाल्याकडे दोन-चार चकरा मारल्या असत्या, तर ताई पुन्हा हॉलमध्ये उभ्या राहिल्या असत्या. मग भले त्या गेल्या असत्या, जायचं तर सगळ्यांनाच आहे. पण सूर ऐकत गेल्या असत्या. तो माणूस मी होते, आणि मला गाडीची घाई होती.

मी मशीन तळहातावर घेऊन मूठ मिटली, तर ते बारीक, लांबलचक शिट्टी वाजवायला लागलं. मी दचकले. "कोणाले द्यायचं म्हणून कालच सेल टाकला," वंदना म्हणाली. "पण दुकानवाला म्हणे, हे आत्याच्याच कानाच्या मापाचं हाय, दुसऱ्याले नाही बसत. हातात धरलं का अशीच शिट्टी वाजवते." शिट्टी वाजत होती, पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही कितीतरी वर. इतक्या वर्षांची सवय, मशीन धरलेल्या मुठीनंच भाता ढकलला आणि दुसऱ्या हाताचं बोट आपोआप पेटीवर गेलं. तोच सूर खालच्या सप्तकात शोधायला लागले. एक पट्टी दाबली, नाही. तिच्या शेजारची दाबली, जवळ आली, पण नाही. काळ्या पट्टीवर आले तेव्हा जुळल्यासारखं वाटलं. पण कान रडून रडून बधिर झाले होते, माझी मलाच खात्री होईना. मी भाता चालू ठेवून विचारलं, "लागला का गं बरोबर?"

वंदनानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, "हो काकू, एकदम बरोबर."